बर्नार्डच्या ताऱ्याचे चार ग्रह: यावेळी विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती चार ग्रह असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं, पण याच ताऱ्याभोवती आधी दोनदा ग्रह सापडले आणि दोन्ही वेळा नंतर ते नाहीतच असं निघालं, मग आता कशावरून खरं मानायचं? आणि घरच्या सहा इंची दुर्बिणीतून यातलं काही दिसेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. ग्रह दिसणार नाहीत, ते जगातल्या कुठल्याच दुर्बिणीतून अजून कोणी थेट पाहिलेले नाहीत. तारा मात्र दिसेल, आणि तो नक्की बघा, कसा शोधायचा ते खाली लिहितो.

पहिल्या प्रश्नाला जरा वेळ द्यावा लागेल. मी गेली पंधरा-सोळा वर्षं ताऱ्यांचे स्पेक्ट्रम (प्रकाश रंगांत फोडून मिळणारे पट्टे) मोजून त्यातून त्यांचा वेग काढायचं काम करतोय, आणि नवीन विद्यार्थी आला की तो हा प्रश्न विचारतोच, विचारायलाच हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की आधीचे ग्रह का दिसले होते हे नीट कळलं की आत्ताचे का मानायचे हेही आपोआप कळतं, म्हणून मागून सुरुवात करतो.

तारा कसा आहे ते आधी. भुजंगधारी तारकासमूहात आहे, अंतर ५.९६ प्रकाशवर्षं. मित्र तारा आणि त्याचे दोन जोडीदार सोडले तर आपल्याला सगळ्यात जवळचा तारा हाच. सूर्याच्या साधारण १६ टक्के वस्तुमान, तापमान ३२०० केल्विनच्या आसपास, म्हणजे लालसर आणि एवढा मंद की इतका शेजारी असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एडवर्ड बर्नार्डने १९१६ मध्ये दाखवून दिलं की आकाशात सगळ्यात वेगाने सरकणारा तारा हा आहे, वर्षाला १०.३ आर्कसेकंदांहून थोडं जास्त (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ऐकायला किरकोळ वाटतं, पण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं अंतर तो पावणेदोनशे वर्षांच्या आत कापतो, आणि ताऱ्यांच्या मानाने हे प्रचंड आहे.

आता पहिला ग्रह. पीटर व्हॅन दी काम्प हे अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजच्या स्प्रौल वेधशाळेत १९३८ पासून या ताऱ्याचे फोटो काचेच्या प्लेटांवर घेत होते. तारा सरळ रेषेत सरकतो की किंचित नागमोडी जातो हे बघायचं, नागमोडी गेला तर सोबत काहीतरी फिरतंय. १९६३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गुरूच्या दीडपटीहून थोडा जड ग्रह आहे आणि तो २४ वर्षांत एक फेरी मारतो. पुढे एकाचे दोन ग्रह झाले. कित्येक वर्षं हे पुस्तकांत छापून यायचं. पण हा सगळा डोलारा प्लेटवरच्या साधारण एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, फरकावर उभा होता. १९७३ मध्ये गेटवुड आणि आयकहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांच्या प्लेटा मोजल्या आणि त्यांना काहीच सापडलं नाही, आणि त्याच सुमारास स्प्रौलमधल्याच जॉन हर्शी यांनी त्याच दुर्बिणीने घेतलेले दुसरे तारे तपासले तर तेही त्याच वर्षांत तसेच हललेले! १९४९ मध्ये भिंगाची चौकट बदलली होती, १९५७ मध्ये भिंग पुन्हा जुळवलं होतं. तारा हलला नव्हता, भिंग हललं होतं. व्हॅन दी काम्प यांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो, एकाच ताऱ्यामागे आयुष्य घालवणं सोपं नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ती आपल्या पुण्याशी जोडलेली आहे आणि फार कमी लोकांना माहीत असते. कॅप्टन विल्यम जेकब नावाचा इंग्रज अधिकारी १८४० च्या दशकात पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारून जोडताऱ्यांची मोजमापं घेत होता. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तिथून १८५५ मध्ये त्याने लिहिलं की भुजंगधारीतल्याच ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या फिरण्यात जी गडबड दिसते ती एखाद्या न दिसणाऱ्या ग्रहामुळे असावी. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह आहे असं मोजमाप पुढे ठेवून म्हणणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो. तो ग्रहही टिकला नाही. जेकब १८६२ मध्ये पुण्यातच वारला, नवी दुर्बीण घेऊन पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा करायला परत आला होता. आणि गंमत बघा, ७० ऑफियुकी आणि बर्नार्डचा तारा आकाशात तीन अंशांच्या आत आहेत, हात लांब धरून दोन बोटं आडवी लावली की दोघं त्यामागे झाकले जातात. आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यात पावणेदोनशे वर्षं माणसं ग्रह शोधतायत, मला तरी त्या भागाकडे दुर्बीण वळवली की दर वेळी हे आठवतं.

आता आजची पद्धत. ती जागा मोजत नाही, वेग मोजते. एखाद्या थोराड बाईने चिमुरडीबरोबर फुगडी घातली तर चिमुरडी गरागरा फिरते पण बाईचे पायही किंचित गोल फिरतातच, तसं ग्रह फिरतो तेव्हा ताराही थोडासा फिरतो, आपल्याकडे येतो, लांब जातो, आणि त्या वेगाने त्याच्या स्पेक्ट्रममधल्या काळ्या रेषा निळ्याकडे किंवा लालकडे सरकतात. १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांनी ५१ पेगासी भोवतीचा ग्रह असाच पकडला, तिथे ताऱ्याचा वेग सेकंदाला पन्नासहून जास्त मीटर बदलत होता. बर्नार्डच्या ताऱ्याच्या बाबतीत आपण बोलतोय सेकंदाला अर्ध्या मीटरबद्दल आणि त्याहूनही कमी. लहान मूल रांगतं त्या वेगाच्या आसपास, आणि हे सहा प्रकाशवर्षांवरून.

हे किती बारीक आहे ते सांगतो. स्पेक्ट्रोग्राफच्या, म्हणजे स्पेक्ट्रम टिपणाऱ्या यंत्राच्या, कॅमेऱ्यावर एक पिक्सेल म्हणजे साधारण पाचशे मीटर प्रति सेकंद धरा. म्हणजे अर्धा मीटर हा पिक्सेलचा हजारावा भाग. पिक्सेल दहा मायक्रॉनचा असेल तर रेषा सरकली दहा नॅनोमीटर, सिलिकॉनचे अणू मोजायचे म्हटले तर काही डझन थर. एका रेषेतून हे कधीच निघणार नाही, म्हणून हजारो रेषा एकत्र धरायच्या, आणि पेटीतलं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवायचं, अख्खं यंत्र निर्वात टाकीत बंद ठेवायचं. एवढं करून मग खरा त्रास सुरू होतो, कारण सगळ्यात जास्त आपणच हलत असतो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने धावतेय आणि स्वतःभोवती फिरतेय ते वेगळं. हे सगळं वजा करून खाली जे उरेल त्यात अर्धा मीटर शोधायचा.

एकदा आमच्याकडे एक अगदी शांत तारा मधूनच दीड-दोन मीटरने उडी मारायचा. दोन आठवडे आम्ही यंत्र तपासलं, कॅलिब्रेशनचे दिवे तपासले, सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं. शेवटी रात्रपाळीची वही चाळताना लक्षात आलं की उडी मारलेल्या प्रत्येक रात्री ढग होते. एक्स्पोजर वीस मिनिटांचं, पण ढग उत्तरार्धात आले की बराचसा प्रकाश पहिल्या अर्ध्यातच गोळा झालेला असायचा, आणि आमचा प्रोग्राम मात्र घड्याळातलं मधलं मिनिट धरून पृथ्वीचा वेग वजा करायचा. तारा डोक्यावर असताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपला ताऱ्याकडचा वेग मिनिटाला जवळजवळ दोन मीटर प्रति सेकंदाने बदलतो. एका मिनिटाची चूक आणि त्यात चार ग्रह बुडाले असते. तेव्हापासून प्रकाश सेकंदासेकंदाला मोजून मगच मधली वेळ काढतो, आता सगळीकडेच असं करतात.

बर्नार्डच्या ताऱ्यात अजून एक खोच आहे जी मला फार आवडते. रस्त्याच्या कडेला उभे राहा आणि लांबून येणारी एसटी बघा. लांब असताना ती जवळजवळ सरळ तुमच्याकडेच येत असते, जवळ येईल तसा तिचा वेग तोच राहतो पण "तुमच्याकडे येण्याचा" वेग कमी होत जातो, समोरून जाताना तर शून्य. हा तारा आपल्याकडे सेकंदाला ११० किलोमीटरने येतोय आणि आडवाही धावतोय, त्यामुळे त्याचा आपल्याकडे येण्याचा वेग दर वर्षी साडेचार मीटर प्रति सेकंदाने बदलतो, काहीही ओढत नसताना! हे वजा करायचं राहिलं तर डेटा बघून कोणीही म्हणेल की लांबवर एखादा मोठा ग्रह आहे.

आता दुसरा ग्रह, २०१८ चा. नोव्हेंबरमध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलं, इग्नासी रिबास आणि मोठी टीम, जवळजवळ वीस वर्षांची ७७१ मोजमापं, २३३ दिवसांचा ग्रह, वजन पृथ्वीच्या निदान ३.२ पट. काम अतिशय मेहनतीचं होतं, मीसुद्धा तेव्हा मानलं होतं. २०२१ मध्ये ल्युबिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा ग्रह नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे, कागद घ्या. हा तारा स्वतःभोवती साधारण १४५ दिवसांत फिरतो आणि त्याच्यावर डाग आहेत, डाग फिरले की रेषांचा आकार बिघडतो आणि वेग बदलल्यासारखा वाटतो. तारा आपल्याला वर्षातले ठरावीक महिनेच नीट दिसतो, म्हणजे डेटात वर्षाची खाच असते. १ भागिले १४५ म्हणजे ०.००६९०. १ भागिले ३६५ म्हणजे ०.००२७४. वजा करा, ०.००४१६, आणि आता उलटा भागाकार करा, २४० दिवस. ताऱ्याचं फिरणं घड्याळासारखं काटेकोर नसतं, वेगवेगळ्या अक्षांशांवरचे डाग वेगवेगळ्या गतीने फिरतात, तेव्हा २३३ आणि २४० मधला फरक मोठा नाही. ताऱ्याचे डाग आणि आपलं वर्ष यांची ती सावली होती.

म्हणजे दोन्ही वेळा ग्रह दिसला तो आपल्या बाजूच्या किंवा ताऱ्याच्या त्वचेवरच्या कारणाने, एकदा भिंग, एकदा डाग आणि वर्ष. त्यामुळे या ताऱ्यावर काम करणारे आता ताकही फुंकून पितात, आणि नवीन सिग्नल आला की आधी हीच यादी काढून बसतात.

१ ऑक्टोबर २०२४ ला गोन्झालेझ एर्नांडेझ यांच्या टीमने चिलीतल्या पारानालवरच्या व्हीएलटी दुर्बिणीच्या एस्प्रेसो यंत्रातून घेतलेली १५० हून जास्त मोजमापं मांडली. ३.१५ दिवसांचा ग्रह, ताऱ्याचा वेग सेकंदाला ५५ सेंटीमीटरने हलतोय, नाव "बी". आणखी तीन सिग्नल दिसतायत, ४.१२, २.३४ आणि ६.७४ दिवसांचे, पण त्यांना त्यांनी ग्रह म्हटलं नाही, उमेदवार म्हटलं. मला हे वाचूनच बरं वाटलं होतं. मग मार्च २०२५ मध्ये शिकागो विद्यापीठातला पीएचडीचा विद्यार्थी ऋत्विक बसंत आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या मौनाकेआवरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीला लावलेल्या मरून-एक्स यंत्राने तीन वर्षांत ११२ रात्री घेतलेला डेटा मांडला. पूर्णपणे वेगळं यंत्र, वेगळा गोलार्ध, वेगळे लोक, वेगळा प्रोग्राम, आणि तेच आकडे निघाले.

हे का पटतं? सगळ्यात आधी, हे सिग्नल दोन ते सात दिवसांचे आहेत आणि ताऱ्याचं फिरणं १४० दिवसांच्या वर, हे दोन आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की डागांची सावली इथे पडायला फार ओढाताण करावी लागेल. मग, ग्रह असेल तर सिग्नल वर्षानुवर्षं त्याच ठेक्यात चालतो, डाग येतात जातात आणि ठेका तुटतो, इथे तुटलेला नाही. ताऱ्याची अस्वस्थता दाखवणाऱ्या रेषा असतात, हायड्रोजनची वगैरे, त्यांच्यात हे ३.१५ किंवा ४.१२ दिवस दिसत नाहीत. आणि यंत्राचा दोष असता तर तो चिलीत आणि हवाईत एकसारखा कसा येईल? १९७३ ला जी तपासणी बाहेरच्यांनी दहा वर्षांनी केली ती यावेळी सहा महिन्यांच्या आत झाली.

अर्थात चौघांवर माझा सारखा भरवसा नाही. डी (२.३४ दिवसांचा), बी (३.१५) आणि सी (४.१२) हे तीन एकट्या मरून-एक्सच्या डेटातही उभे राहतात. चौथा, ६.७४ दिवसांचा "ई", दोन्ही डेटा एकत्र केल्यावरच पक्का होतो, त्याचा झटका फक्त सेकंदाला बावीस सेंटीमीटरच्या आसपास आहे. पेपरमध्ये तो निश्चित धरलाय आणि गणित मला बरोबर वाटतं, तरी मी त्याच्या बाबतीत थोडा हात राखून आहे, तिसऱ्या एखाद्या यंत्राने तो पाहिला की पूर्ण मानेन. तुलनेसाठी, पृथ्वी सूर्याला सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटर हलवते, म्हणजे अजून आपल्याला तिथवर जायचंय.

आता तिथे आहे काय. वजनं पृथ्वीच्या तुलनेत डी ०.२६, बी ०.३०, सी ०.३४, ई ०.१९, ई म्हणजे दोन मंगळांपेक्षाही थोडा कमी. ही कमीत कमी वजनं आहेत हे विसरू नका, कक्षा आपल्याकडे किती झुकलेली आहे ते माहीत नसलं की या पद्धतीत खालची मर्यादाच मिळते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसले असते तर झुकाव आणि आकार दोन्ही कळले असते, पण टेस या अवकाशातल्या दुर्बिणीच्या डेटात तसं काही सापडलं नाही. चारही ग्रह एवढे दाटीने आहेत की बुधाच्या कक्षेच्या दहाव्या हिश्श्यात अख्खं कुटुंब मावतं.

ई वर उभं राहिलात तर तारा आपल्या सूर्याच्या पाचपट रुंद दिसेल, नारिंगी-लाल, आणि बहुधा आकाशात एकाच जागी खिळलेला, कारण इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते असं गणित सांगतं. शेजारचा सी जवळून जाताना आपल्या चंद्राच्या अंतराच्या चौपट लांब असेल फक्त. त्याचा आकार मोजलेला नाही, पण खडकाळ धरला तर तो आपल्या चंद्राच्या साधारण दोन-तृतीयांश रुंद दिसेल, आणि हे दर अकरा दिवसांच्या आत पुन्हा पुन्हा. मला हे चित्र फार हलवून जातं.

राहण्यासारखं नाही. सगळ्यात लांबच्या ई लाही पृथ्वीच्या दुपटीहून जास्त उष्णता मिळते, बी वर सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास असेल असा अंदाज आहे. पाणी द्रव राहील असा पट्टा म्हणजे साधारण १० ते ४२ दिवसांच्या कक्षा, आणि तिथे पृथ्वीच्या ०.६ पटीहून जड ग्रह नाही असं हाच डेटा ९९ टक्के खात्रीने सांगतो. त्याहून हलका असू शकतो, तो शोधायला अजून बारीक मोजावं लागेल. शिवाय तारा म्हातारा असला, सात ते दहा अब्ज वर्षांचा, तरी अगदी निवांत नाही, १९९८ मध्ये त्याच्यावर जोरदार भडका उडालेला पाहिलाय.

आता तुमची सहा इंची. तारा ९.५ प्रतीचा आहे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), शहराबाहेर तीन-चार इंचीतूनही दिसतो. मे महिना उत्तम, पाऊस यायच्या आधी, रात्री अकरानंतर भुजंगधारी चांगला वर आलेला असतो. त्याच्या पूर्व खांद्यावरचा बीटा तारा शोधा, त्याच्या जरा पूर्वेला ६६, ६७, ६८ आणि ७० असे चार मंद ताऱ्यांचं व्ही अक्षर आहे, गावाकडे नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. त्यातल्या ६६ पासून वायव्येला पाऊण अंशापेक्षा किंचित कमी सरकलात की बर्नार्डचा तारा. आसपास बरेच तारे आहेत त्यामुळे नकाशा हातात हवाच, आणि नकाशा नवीन हवा, जुन्या नकाशात तो तुम्हाला खालीच सापडेल कारण तो जवळजवळ सरळ उत्तरेला चाललाय. शक्य असेल तर दुर्बिणीला कॅमेरा लावून एक फोटो काढा, तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या मे मध्ये त्याच दुर्बिणीने, तेवढ्याच एक्स्पोजरने पुन्हा काढा. दोन्ही फोटो बाजूच्या ताऱ्यांवर जुळवून एकामागून एक उघडलेत की बाकी सगळे जागेवर राहतील आणि एकच ठिपका उडी मारेल. मधे दुर्बिणीच्या आरशाची जुळणी केली असेल तर तेही त्या तारखेसमोर लिहून ठेवा. आणि त्याच व्ही मधला ७० क्रमांकाचा तारा जरा मोठं करून बघा, पिवळसर आणि नारिंगी असे दोन दिसतात, जेकब ज्याच्यामागे लागला होता तो हाच.